समुद्राला देशाचं नाव कोण देतं?

मागच्या वर्षी एका शोधनिबंधातल्या नकाशावर मी कोरिया आणि जपानच्या मधल्या पाण्यावर बिनधास्त 'जपानचा समुद्र' असं लिहिलं. परीक्षकांचा शेरा आला, 'हेच नाव का?' मला वाटलं, यात कारण कसलं द्यायचं? सगळ्या नकाशांत तेच असतं की! पण शोधायला बसलो आणि दोन आठवडे त्यातच गेले.

कोरियन लोक या समुद्राला 'डोंगहे' म्हणतात, म्हणजे पूर्व समुद्र. आपल्या किनाऱ्यावरून तो ज्या दिशेला, तेच त्याचं नाव. पण जपानमधून बघितलं तर तोच समुद्र पश्चिमेला येतो! दूरच्या नकाशाकाराला अशी दिशा उपयोगाची नसते. हे पाणी कोणत्या भूमीजवळचं, एवढंच त्याला सांगायचं असतं. म्हणून देशाचं नाव बरेचदा बाहेरचा माणूस देतो. मातेओ रिच्ची या इटालियन मिशनऱ्याने १६०२ मध्ये चीनमध्ये केलेल्या जगाच्या नकाशावर 'जपानचा समुद्र' दिसतो. गंमत म्हणजे अठराव्या शतकातल्या कितीतरी युरोपीय नकाशांवर याच जागी 'कोरियाचा समुद्र' आहे. जपानचं नाव पक्कं रुजलं ते एकोणिसाव्या शतकात.

आपल्या हिंदी महासागराचंही तसंच. पहिल्या शतकातले ग्रीक व्यापारी तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या पाण्याला 'एरिथ्रियन समुद्र' म्हणत. भारताच्या नावाचा महासागर १५१५ च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेला सापडतो. म्हणजे हे नावसुद्धा आपण दिलेलं नाही.

मग वाद कशाचा? समुद्रांच्या सीमा आणि नावं सांगणारी आंतरराष्ट्रीय पुस्तिका १९२० च्या दशकाच्या शेवटी निघाली, तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्याची बाजू मांडायला तिथे कुणीच नव्हतं. १९९२ मध्ये दोन्ही कोरियांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत मांडला. शेवटी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेने नव्या डिजिटल प्रणालीत समुद्रांना नावांऐवजी क्रमांक द्यायचं ठरवलं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. नाव म्हणजे मालकी नव्हे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून जास्तीत जास्त १२ सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र असतो. त्याचा नकाशावरच्या नावाशी काही संबंध नाही.

मी शेवटी नकाशावर दोन्ही नावं लिहिली आणि खाली एका ओळीत कारण दिलं. तुम्हीही नकाशा करताना नाव नुसतं उतरवून घेऊ नका. ते कुणी दिलं, कधी दिलं आणि तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं, एवढं तरी आधी शोधा. परीक्षकांनी विचारलं तर उत्तर तयार हवं!