उपवास (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती धर्मातील उपवास म्हणजे प्रार्थना, पश्चात्ताप व आत्मिक नवीकरण यांसाठी ठरावीक काळ स्वेच्छेने केलेला अन्नाचा पूर्ण किंवा आंशिक त्याग होय. प्रार्थना आणि दानधर्म यांच्याशी तो अभिन्नपणे जोडलेला आहे. महाराष्ट्रात वसई, मुंबई, अहिल्यानगर इत्यादी भागांतील ख्रिस्ती समाजात ही साधना आढळते.

बायबलमधील आधार

मोशे सीनाय पर्वतावर ४० दिवस अन्नपाण्यावाचून राहिला (निर्गम ३४:२८), तर योनाचा संदेश ऐकून निनवे नगरीने उपवास केला (योना ३). यशया संदेष्ट्याने मात्र अन्यायाची बंधने तोडणे व भुकेल्यांना अन्न देणे यांवाचून केलेला उपवास व्यर्थ ठरवला (यशया ५८). येशूने सेवाकार्यापूर्वी अरण्यात ४० दिवस उपवास केला (मत्तय ४). डोंगरावरील प्रवचनात त्याने उपवासाचे प्रदर्शन करण्यास मनाई केली (मत्तय ६:१६-१८).

इतिहास

‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथात बुधवार व शुक्रवार हे उपवासाचे दिवस सांगितले आहेत. इ.स. ३२५ च्या निकेया परिषदेच्या नियमांत ईस्टरपूर्व ४० दिवसांच्या काळाचा उल्लेख येतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी सक्तीच्या उपवासाला विरोध केला. उपवासाने तारण विकत मिळत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ऐच्छिक उपवास मात्र त्यांनी त्याज्य मानला नाही. त्यामुळे प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपवास हा बहुधा व्यक्तीचा किंवा मंडळीचा स्वतंत्र निर्णय असतो.

कॅथलिक नियम

उपवासकाळ (प्रायश्चित्तकाळ) राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवसापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतील सहा रविवार वगळता ४० दिवस उरतात. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास बंधनकारक आहे. उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, तर मांसवर्जनाचा नियम १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो. प्रचलित रीतीनुसार उपवासाच्या दिवशी एक पूर्ण जेवण व दोन वेळा अल्पाहार घेता येतो. मासे मांसवर्जनाच्या नियमात येत नाहीत. आजारी व्यक्तींना सूट असते.

महाराष्ट्रातील स्वरूप

मराठी वाचकाला परिचित असलेल्या एकादशीच्या उपवासात धान्य वर्ज्य करून साबुदाणा, वरी, शेंगदाणे यांचा फराळ केला जातो. ख्रिस्ती उपवासात असे विशेष ‘उपवासाचे पदार्थ’ नाहीत. आहाराचे प्रमाण कमी करणे व मांस टाळणे यांवर भर असतो. कॅथलिक चर्चमध्ये या काळातील शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही भक्ती केली जाते. अनेकजण आवडीच्या वस्तू किंवा व्यसनेही वर्ज्य करतात.

त्यागातून वाचलेले धन गरजूंना देणे हा या साधनेचा अविभाज्य भाग आहे. कॅरिटास इंडिया ही कॅथलिक संस्था उपवासकाळात भूक व रोग यांविरुद्ध निधिसंकलनाची मोहीम राबवते. यशयाने घातलेली अट अशा उपक्रमांतून आजही उपवासाची कसोटी म्हणून पुढे येते: ताटातून वगळलेला घास भुकेल्यापर्यंत पोहोचला, तरच त्याला आत्मिक नवीकरणाचा अर्थ प्राप्त होतो.