नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमावर वसलेले पाणथळ अभयारण्य आहे. हिवाळ्यात येथे मोठ्या संख्येने येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांमुळे ते ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ या नावाने ओळखले जाते. रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ स्थळ म्हणून मान्यता मिळालेले हे महाराष्ट्रातील पहिले ठिकाण होय.

निर्मिती

हे पाणथळ क्षेत्र निसर्गाने एकट्याने घडवलेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी संगमाजवळ दगडी बंधारा बांधण्यात आला. त्यातून निघालेल्या गोदावरीच्या डाव्या व उजव्या कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव, राहाता या भागांतील शेतीला पाणी मिळाले. पश्चिम घाटाच्या पर्जन्यछायेतील या कोरड्या मुलखात ते पाणी मोलाचे ठरले.

दोन्ही नद्यांनी पुरासोबत आणलेला गाळ मात्र बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला साचत गेला. त्यातून उथळ डबकी, दलदल, गवताळ बेटे आणि पाणवनस्पतींचे ताटवे तयार झाले. जलाशयाची साठवण कमी होत गेली, परंतु पक्ष्यांना हवे असलेले उथळ पाणी वाढले. अभियंत्याच्या दृष्टीने जी हानी, तीच पाणपक्ष्यांच्या दृष्टीने अनुकूलता ठरली.

संरक्षणाचा दर्जा

१९८६ मध्ये या परिसराला अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. अधिसूचित क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर असून त्यात जलाशयाबरोबरच गावे व शेतजमिनीही येतात. त्यांपैकी १,४३७ हेक्टर क्षेत्राची नोंद २१ जून २०१९ या तारखेने रामसर यादीत झाली. रामसर हा करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या शहरात झाला. त्याच्या स्मरणार्थ २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात पुढे लोणार सरोवर व ठाणे खाडी यांचाही या यादीत समावेश झाला.

स्थलांतरित पक्षी

उत्तर आशिया व युरोपातील जलाशय हिवाळ्यात गोठले की अन्नासाठी पक्षी दक्षिणेकडे निघतात. भारत हा मध्य आशियाई उड्डाणमार्गावरील महत्त्वाचा देश आहे. भिवई बदक तुलनेने लवकर येते. त्यानंतर थापट्या, तलवार बदक, चक्रांग, गडवाल आणि तरंग यांचे थवे उतरतात. तिबेट व मध्य आशियाच्या पठारांवर वीण करणारा चक्रवाकही येथे दिसतो. रात्री विरह सोसणारी चक्रवाकाची जोडी हा संस्कृत काव्यातील परिचित संकेत आहे. अभ्यासकाला मात्र हा नारिंगी-तपकिरी पक्षी काठावर जोडीने चरताना प्रत्यक्ष पाहता येतो. क्रौंच, करकोचे आणि दलदली भोवत्या हेही हिवाळी पाहुणे होत.

पाण्याच्या खोलीनुसार पक्ष्यांची जागा ठरते. थापट्या आपल्या रुंद, चमच्यासारख्या चोचीने पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव गाळून खातो. तलवार बदक शेपटी वर करून डोके पाण्यात बुडवते. बुडी मारणाऱ्या लालसरीला थोडे खोल पाणी लागते, तर चिखलातील किडे टिपणारे तुतवार काठालगतच राहतात.

स्थानिक पक्षी व अन्य जीवसृष्टी

जांभळी पाणकोंबडी, वारकरी, कमळपक्षी, शेकाट्या, हळदी-कुंकू बदक, चित्रबलाक, शराटी, राखी बगळा व पाणकावळा हे पक्षी येथे आढळतात. रामसरच्या नोंदीनुसार या स्थळी ५३६ प्रजातींची नोंद झाली आहे. त्यांत बिबट्या व चंदन यांचा उल्लेख असून, अतिसंकटग्रस्त जातींमध्ये भारतीय गिधाड, पांढऱ्या पाठीचे गिधाड आणि देवळाली मिनो हा मासा यांचा समावेश होतो.

धोके

जलपर्णीचा फैलाव, पाण्याचा उपसा आणि वाढती बांधकामे हे येथील प्रमुख धोके आहेत. नाशिक शहर गोदावरीच्या वरच्या बाजूस असल्याने नदीत मिसळणारे सांडपाणी जलपर्णीला पोषक ठरते. पानांचे दाट आच्छादन पडले की सूर्यप्रकाश खाली पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि बदकांना उतरण्यास मोकळी जागा राहत नाही.

पाण्याच्या नियोजनाचा प्रश्न अधिक अवघड आहे. हा बंधारा आजही सिंचनाचा असून पावसाळ्यात जायकवाडीकडे विसर्गही येथूनच होतो. गोदावरीच्या पुराचा फटका वरच्या बाजूच्या सायखेडा, चांदोरी यांसारख्या गावांना बसतो. गाळ काढल्यास साठवण वाढेल. मात्र सरसकट काढल्यास उथळ अधिवास नाहीसा होईल. पाणी एकाएकी सोडल्यास दलदल उघडी पडते, तर पातळी फार वाढल्यास काठाची चराऊ जागा बुडते. त्यामुळे शेतकरी, मासेमार व पक्षी या तिघांच्या गरजांचा मेळ घालणे हा येथील संवर्धनाचा गाभा आहे.

भेट देण्यासंबंधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम होय. निफाड तालुका कडाक्याच्या थंडीसाठी प्रसिद्ध असल्याने पहाटे उबदार कपडे आवश्यक असतात. चापडगाव व खाणगाव थडी येथून निरीक्षण करता येते. मध्य रेल्वेचे निफाड स्थानक जवळ असून नाशिकहून रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर अंतर पडते. पालघर व बोईसरकडील प्रवाशांना मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर या मार्गाने नाशिक गाठता येते. या वाटेवर त्र्यंबकेश्वरला गोदावरीचे उगमस्थानही लागते.

सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास निरीक्षणास उत्तम. दुर्बीण, पक्षी ओळखण्याचे पुस्तक आणि नोंदवही सोबत असावी. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत. छायाचित्रासाठी थवा उडवू नये. लांबच्या परतीच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती अशा प्रत्येक उड्डाणात खर्ची पडते. स्थळ, दिनांक, वेळ, जात व संख्या यांची विद्यार्थ्यांनी केलेली नियमित नोंद पक्षिगणनेस उपयोगी पडू शकते. मार्च-एप्रिलपर्यंत बहुतेक पाहुणे उत्तरेकडे परततात.