रंगांचा हिशेब कुणी ठेवायचा?

सिनेमा संपला, पडद्यावर नावं सरकू लागली, की आपण खुर्चीखाली चपला शोधायला लागतो. त्या नावांत हल्ली 'कलरिस्ट' असं एक नाव असतं. आमच्या काळी तेही नसे. फार तर प्रयोगशाळेचं नाव येई. मुंबईतल्या अशाच एका प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीत मी उमेदीची वर्षं काढली. आमच्या कामाला 'ग्रेडिंग' म्हणत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उन्हात घेतलेले शॉट एकाच दुपारचे वाटावेत, एवढंच ते काम. सांगायला सोपं, करायला कठीण.

रंगांवर ताबा मिळवण्याची आपली धडपड जुनी आहे. १९३३ साली 'प्रभात'नं 'सैरंध्री' काढला. तो रंगीत व्हावा ही व्ही. शांताराम यांची जिद्द. त्यासाठी ते थेट जर्मनीला गेले, तिथल्या प्रयोगशाळेतून प्रती काढून घेतल्या. पण रंग मनासारखे उतरले नाहीत, प्रयोग फसला. पुढे १९३७ साली अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल कंपनीचा 'किसान कन्या' आला. देशातच तयार झालेला पहिला रंगीत बोलपट म्हणून त्याची नोंद आहे. कॅमेऱ्यासमोर रंग उभे करणं निराळं आणि ते पडद्यापर्यंत सुखरूप पोचवणं निराळं, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. मध्ये एक प्रयोगशाळा असते आणि तिथे बसलेलं कुणीतरी निर्णय घेत असतं.

तो निर्णय आम्ही आकड्यांत घेत असू. निगेटिव्हवरून प्रत काढताना तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश सोडायचे. प्रत्येकाच्या १ ते ५० पायऱ्या, मधली २५. गंमत म्हणजे सगळा मामला उलटा. तांबडा प्रकाश वाढवला की प्रतीतला तांबडेपणा कमी होतो. एकूण प्रकाश वाढवला की चित्र काळवंडतं, कमी केला की उजळतं. प्रत्येक शॉटचे तीन आकडे कागदी पट्टीला भोकं पाडून यंत्राला द्यायचे. आकडा बदलला की अख्खी चौकट बदलायची. आभाळ तेवढं निळं करा, साडीला हात लावू नका, ही सोय नव्हती.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. एका चित्रपटात किनाऱ्यावरचा प्रसंग होता. नायिका सावळी, वेळ दिवेलागणीची. निर्माते म्हणाले, "बाई फार काळी दिसते. जरा उजळा." मी तिन्ही आकडे चार-चार पायऱ्यांनी उतरवले. चेहरा उजळला. त्याबरोबर समुद्र फिका पडला, आभाळ धुऊन निघालं. आमचे मास्तर मागे उभे होते.

"अरे, तू बाईला उजळ केलंस आणि संध्याकाळ घालवलीस," ते म्हणाले.

"मास्तर, साहेब समोर बसलेत. मी काय बोलणार?"

"बोलू नकोस. पण पहिले आकडे कुठंतरी लिहून ठेव."

मी ते लिहून ठेवले नाहीत. घाई होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

हा दोष एका निर्मात्याचा किंवा माझ्या एकट्याचा होता असंही नाही. रंगीत छायाचित्रणाची मोजपट्टीच एका कातडीवर बेतलेली होती. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-छायाचित्र पाठवीत असे. त्यात एक गोरी तरुणी असे. तिला 'शर्ली' म्हणत. शर्लीचा चेहरा नीट आला की यंत्र नीट. काळ्या-सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे हरवतात, ही तक्रार बरीच वर्षं कुणी मनावर घेतली नाही. लाकडी फर्निचर आणि चॉकलेट यांच्या जाहिरातदारांनी तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी कुरकुर केली, तेव्हा फिल्ममध्ये सुधारणेला वेग आला, असं त्या कंपनीतल्याच जाणत्यांनी पुढे सांगितलं.

मग संगणक आला. २००० साली 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा अमेरिकन चित्रपट आला. मिसिसिपीतल्या हिरव्यागार उन्हाळ्यात चित्रीकरण झालं होतं आणि छायालेखक रॉजर डीकिन्स यांना हवा होता सुकलेला, धुळकट पिवळा मुलूख. अख्खा चित्रपट संगणकात घेऊन त्यांनी हिरवं पान पिवळं केलं. आमच्या आकड्यांना जे जन्मात जमलं नसतं ते झालं. 'दा विंची' या नावाची यंत्रणा १९८० च्या दशकापासून मोठ्या स्टुडिओंत होती, पण तिची किंमत लाखो डॉलरच्या घरात. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइननं ती कंपनी घेतली, पुढच्याच वर्षी सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला विकायला काढलं आणि २०११ मध्ये एक आवृत्ती फुकट दिली. आज माझा नातू घरच्या संगणकावर ते काम करतो. चेहऱ्याभोवती वर्तुळ काढतो, ते वर्तुळ चेहऱ्यामागे आपोआप फिरतं.

त्याच्या शेजारी बसून मला दोन गोष्टी कमी वाटतात.

पहिली, हिशेब. कुठला रंग कुणी, कधी आणि का बदलला याची नोंद चित्रपटाबरोबर राहिली पाहिजे आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडली पाहिजे. अमेरिकन छायालेखकांच्या संस्थेनं एक समाईक पद्धत ठरवली आहे, पण तिच्यात चौकटभर लागू होणारे मूळ बदलच मावतात. चेहऱ्याभोवतीचं वर्तुळ, झाकलेलं आभाळ, हे सारं ज्या त्या कंपनीच्या फाइलीत अडकून राहतं. ती फाइल पन्नास वर्षांनी उघडेल का? 'द फ्रेंच कनेक्शन' या १९७१ च्या चित्रपटाची ब्लू-रे प्रत २००९ मध्ये दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी नव्या रंगांत काढली, तेव्हा छायालेखक ओवेन रॉयझमन जाहीरपणे संतापले. २०१२ मध्ये नवी प्रत काढावी लागली. रॉयझमन हयात होते म्हणून बोलले. आपल्या 'मंथन'ची दुरुस्त प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. त्या कामात श्याम बेनेगल आणि छायालेखक गोविंद निहलानी या दोघांचा सहभाग होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेनेगल गेले. प्रत्येक चित्रपटाच्या नशिबी असा वेळेवर भेटलेला साक्षीदार नसतो.

दुसरी गोष्ट, कातडी. रंगमापकावर पाहिलं तर गोऱ्या-सावळ्या सगळ्यांची कातडी साधारण एकाच रेषेजवळ पडते. मुख्य फरक असतो तो उजेडाचा. चेहरा ओळखून तो आपोआप 'सुधारणाऱ्या' सॉफ्टवेअरनं म्हणूनच एवढं तरी सांगावं: हा चेहरा तू मुळापेक्षा इतका उजळ केलास, करायचाच आहे ना? कुणाचा हात धरू नये, पण एकदा विचारावं. आमच्या खोलीत ते काम मास्तर करीत.

त्या चित्रपटाची निगेटिव्ह कुठं असेल तर तिच्यात खरा रंग अजून असेलही. उद्या कुणी ती दुरुस्त करायला घेतली, तर नमुना म्हणून माझीच उजळलेली प्रत समोर धरील. पट्टी गेली, मास्तर गेले. म्हणून इथं सांगून ठेवतो: तिथं ऊन नव्हतं. दिवेलागणीची वेळ होती, आणि बाई सावळी होती.