जुन्या घरांची शिरगणती : लॉस एंजेलिसचा ऐतिहासिक इमारतींचा सर्व्हे

लॉस एंजेलिस शहरात १९२० ते १९६० च्या काळातले घर घेतलेली मराठी कुटुंबे आता बरीच आहेत. स्वयंपाकघर वाढवायचे किंवा घर पाडून नवे बांधायचे ठरले, की परमिटच्या कागदपत्रांत कधीतरी ‘सर्व्हे-एलए’ हे नाव समोर येते आणि पोटात गोळा येतो. आपले घर ‘हेरिटेज’ झाले की काय?

ही धास्ती आपण बहुधा मुंबईहून बरोबर आणलेली असते. तिथे १९९५ च्या हेरिटेज नियमावलीने इमारतींना पहिली, दुसरी, तिसरी अशी श्रेणी दिली. यादीत नाव आले, की पाडकामाच्या परवानगीचा प्रश्न आलाच. २०१२ मध्ये वाढीव यादी पुढे आली तेव्हा शिवाजी पार्कच्या अनेक रहिवाशांनी हरकती घेतल्या, त्या पुनर्विकास अडकेल या भीतीनेच. लॉस एंजेलिसमध्ये मात्र नोंद वेगळी आणि संरक्षण वेगळे. सर्व्हे फक्त सांगतो की ही इमारत महत्त्वाची असू शकते. तिला कायद्याचे संरक्षण द्यायचे की नाही, याची प्रक्रिया स्वतंत्र असते आणि अंतिम निर्णय सिटी कौन्सिलचा असतो.

शहराचा वारसा कायदा १९६२ चा आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्याही तीन वर्षे आधीचा. पण जपण्यासारखे नक्की काय आणि कुठे आहे, याची पूर्ण यादीच नव्हती. गेटी संस्थेने २००१ च्या सुमारास अभ्यास केला, तेव्हा शहराचा जेमतेम १५ टक्के भाग तपासून झाला होता. परिणाम असा, की एखाद्या इमारतीचे महत्त्व बुलडोझर दारात आल्यावरच कळायचे. ला सिएनेगा रस्त्यावरचे १९५७ चे ‘नॉर्म्स’ हे रेस्टॉरंट घ्या. २०१५ मध्ये तिच्या पाडकामाचे परमिट निघाले, लोक खडबडून जागे झाले आणि त्याच वर्षी शहराने तिला स्मारक ठरवले. ऐनवेळच्या अशा धावपळीत मालक, बिल्डर आणि शेजारी, सगळ्यांचेच नुकसान होते.

गेटीच्या २५ लाख डॉलर अनुदानाचा हातभार लागून शहराने हे काम अंगावर घेतले. प्रत्यक्ष पाहणी २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१७ पर्यंत चालली. सुमारे ८ लाख ८० हजार भूखंड, ३५ विभाग! एवढ्या घरांची बेल वाजवत बसणे शक्यच नव्हते. म्हणून आधी घरबसल्या तयारी झाली. १८५० ते १९८० या काळात शहर कसे वाढले, याचे विषयवार टिपण तयार केले गेले : ट्रामच्या रुळांलगत उभ्या राहिलेल्या वस्त्या, छोट्या घरांचे बंगला कोर्ट, तेल, सिनेमा आणि विमानांचे उद्योग, युद्धानंतरची उपनगरे, मोटारीतून जाणाऱ्यांचे लक्ष वेधणारी भडक कॉफी शॉप्स. मग तज्ज्ञांचे गट कर खात्याची माहिती आणि नकाशे भरलेले टॅब्लेट घेऊन गल्लोगल्ली फिरले. पाहणी रस्त्यावरून, घरात न शिरता. प्रत्येक घर नोंदवले नाही. विषयात बसणारे आणि मूळ रूप बऱ्यापैकी टिकवून असलेले तेवढेच नोंदवले. खिडक्या बदलल्या, पुढचा व्हरांडा बंद करून खोली केली, की घर बहुतेक वेळा मागे पडते.

नोंदलेल्या इमारतीला राज्याचा ठरलेला कोड मिळतो. १ ने सुरू होणारा कोड म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्याच्या यादीत आधीच असलेली, ३ म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्याच्या यादीस पात्र वाटणारी, ५ म्हणजे स्थानिक महत्त्वाची, ६ म्हणजे अपात्र. ‘३’ पाहून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. मोठ्या प्रकल्पाला शहराची खास मंजुरी लागत असेल, तर राज्याच्या १९७० च्या पर्यावरण कायद्याखाली या नोंदीचा विचार होतो, आणि त्यात महिने जाऊ शकतात. शिवाय ४५ वर्षांहून जुनी इमारत पाडायची असेल, तर लगतच्या मालकांना ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, मग ती सर्व्हेत असो वा नसो. ‘एचपीओझेड’ नावाच्या संरक्षित वस्त्यांचे नियम वेगळे आणि कडक. त्यातली पहिली, अँजेलिनो हाइट्स, १९८३ ची. मिल्स ॲक्टखाली मालमत्ता करात मिळणारी सवलत सर्व्हेतल्या नुसत्या नोंदीवर मिळत नाही.

नव्या बांधकामालाही या यादीचा फायदा होतो, ही बाजू फारशी बोलली जात नाही. कुठे काय जपायचे हे ठाऊक असले, की उंच इमारती कुठे येऊ द्यायच्या हेही विभागाच्या आराखड्यात आधीच ठरवता येते. जमीन घेणाऱ्यालाही पैसे अडकवण्याआधी अंदाज येतो.

रस्त्यावरून सगळेच दिसत नाही, ही मात्र या पद्धतीची खरी उणीव. शेजारच्या साउथ पासाडेना गावात एक जुने घर आहे. तिथे १९०० साली स्वामी विवेकानंद सुमारे सहा आठवडे राहिले होते. हे त्याच्या भिंतींवरून कोणाला कळणार? लॉस एंजेलिसने ही उणीव ओळखून वेगवेगळ्या समाजांचा इतिहास स्वतंत्रपणे लिहून घेतला. आशियाई लोकांवरच्या टिपणात चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो आणि थाई असे पाच समाज आहेत. त्या पाचांत आपण नाही. आपली मंडळी मोठ्या संख्येने आली ती १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाल्यावर, आणि सुरुवातीचे कार्यक्रम शाळांच्या, चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये व्हायचे. ते हॉल बाहेरून अगदी साधे दिसतात. शिवाय सर्व्हे थांबतो १९८० ला.

आपल्या पत्त्यावर काय नोंद आहे हे शहराच्या ‘हिस्टॉरिक प्लेसेस एलए’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. नोंद चुकीची वाटली किंवा एखादी जागा राहून गेली असे वाटले, तर शहराच्या ऑफिस ऑफ हिस्टॉरिक रिसोर्सेसकडे कळवावे. नुसत्या आठवणींपेक्षा कागद उपयोगी पडतो : तारीख आणि पत्ता छापलेली जुनी निमंत्रणपत्रिका, हॉलच्या भाड्याची पावती, मागे इमारत दिसत असलेला गणेशोत्सवाचा फोटो. १९७० च्या दशकातले असे काही कपाटात असेल, तर गराज साफ करण्यापूर्वी त्याची एक प्रत काढून ठेवा आणि फोटोमागे जागेचे नाव लिहा.