‘नांदायला ये’ हा दावा आला कुठून?

हरिहरेश्वरहून बागमांडल्याला गेलं की खाडीपलीकडे बाणकोटचा किल्ला दिसतो. १७५६ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला आणि त्याचा फोर्ट व्हिक्टोरिया झाला. इंग्रजांच्या अशा खुणा डोळ्यांना दिसतात. काही खुणा मात्र कायद्याच्या कागदात राहिल्या. आज त्यातल्या एकीबद्दल बोलू.

गटाच्या बैठकीत एखादी ताई नोटीस घेऊन येते. नवऱ्याने कोर्टात दावा लावलेला असतो, ‘बायकोने नांदायला यावं.’ बायका म्हणतात, जावंच लागेल, आपली रीतच आहे. सुनेला नांदायला बोलावणं ही आपली रीत खरी. पण त्यासाठी कोर्टाचा हुकूम आणणं ही इंग्लंडच्या चर्चची रीत. तिथली धर्म-न्यायालयं घर सोडलेल्या जोडीदाराला परत यायचा हुकूम देत, आणि न ऐकल्यास तुरुंग. त्या काळी तिथल्या बाईची मजुरीसुद्धा कायद्याने नवऱ्याची. ती तिची स्वतःची झाली १८७० च्या कायद्याने.

हाच दावा मुंबईत रखमाबाईंवर लागला. अकराव्या वर्षी त्यांचं दादाजी भिकाजीशी लग्न झालं होतं. त्या सासरी गेल्या नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहून शिकल्या. १८८४ मध्ये दादाजी कोर्टात गेले. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. असा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही, तो इंग्लंडहून आलाय, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अपील झालं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल.

गंमत बघा. ‘केसरी’सारखी पत्रं धर्म आणि रूढीच्या नावाने रखमाबाईंच्या विरोधात लिहीत होती. पण दावा होता परका, आणि खुद्द इंग्लंडने त्यातला तुरुंग १८८४ मध्येच काढून टाकला होता!

१८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटच्या बायकांची वर्षानुवर्षं सेवा केली.

आपल्याकडे बायकोसाठीची तुरुंगाची शिक्षा १९२३ मध्ये गेली. इंग्लंडने १९७० च्या कायद्याने हा दावाच रद्द केला. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मात्र तो कलम ९ म्हणून अजून आहे. नवरा लावू शकतो, तशी बायकोही लावू शकते.

म्हणून नोटीस आली तर ती पेटीत टाकून गप्प बसू नका. तारखेला हजर राहिलं नाही तर निकाल एकतर्फी लागतो. का जाता येत नाही ते कोर्टात सांगा. मारहाण, छळ असेल तर तोही सांगा. हुकूम झाला तरी पोलीस तुम्हाला ओढून नेऊ शकत नाहीत, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

आणि त्या ताईला एकटीला पाठवू नका. गटातल्या दोघीजणी सोबत जा. रखमाबाईंच्या मागेही माणसं उभी होती.