जहाजाच्या पोटातली माणसं आणि त्यांची जात

ॲमस्टरडॅममध्ये दर पाच वर्षांनी 'सेल' नावाचा सागरी महोत्सव भरतो. शहराच्या सातशेव्या वर्षानिमित्त १९७५ साली तो सुरू झाला, आणि साडेसातशेव्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, त्याचं दहावं पर्व पार पडलं. (२०२० चं कोरोनाने बुडवलं.) उंच डोलकाठ्यांची जहाजं बंदरात येतात आणि लाखो लोक काठावर गर्दी करतात. त्याच बंदरात सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला एक जहाज एरवीही उभं असतं, 'ॲमस्टरडॅम'. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाची ही प्रतिकृती स्वयंसेवकांनी १९८५ ते १९९० या काळात बांधली. मूळ जहाज १७४९ मध्ये पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या हेस्टिंग्जजवळ रुतलं. मोठ्या ओहोटीला त्याचा सांगाडा आजही दिसतो.

अशा जहाजांचं कौतुक मिरी, लवंग, चहा, रेशीम यांच्या गोष्टींवर चालतं. पण मित्रांनो, या कंपनीने माणसंही विकली. मूळ 'ॲमस्टरडॅम' आशियात पोचलंच नाही, त्यामुळे त्याच्यावर तो आरोप नाही. कंपनीवर मात्र आहे. १६५२ मध्ये तिने आफ्रिकेच्या टोकाला केपचं ठाणं वसवलं, आणि पुढे बंगाल, कोरोमंडल, मलबारमधली माणसं तिथे गुलाम म्हणून गेली. त्यांची नावं बदलली गेली. नव्या नावापुढे 'फान बेंगालेन', 'फान मलबार', म्हणजे अमुक मुलखाचा, एवढंच उरलं.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांकडून कोचीन घेतलं. तिथल्या गुलामांच्या विक्रीखतांत विकल्या गेलेल्या माणसाची जातही लिहिलेली सापडते, आणि त्यांत पुलया आहेत. हा योगायोग नव्हे. मलबारात पुलया, परया, चेरुमा जमिनीबरोबर विकले जात, गहाण पडत, भाड्याने दिले जात. जातीने ज्याला आधीच माल ठरवलं होतं, त्याला जहाजापर्यंत नेणं सोपं होतं. यामुळे डचांचा गुन्हा कणभरही कमी होत नाही. पण खतावर घेणाऱ्याबरोबर विकणाराही असतो, हे विसरून कसं चालेल?

घेणाऱ्यांच्या वारसांनी निदान तोंड उघडलं. ॲमस्टरडॅमच्या महापौरांनी १ जुलै २०२१ ला माफी मागितली, पंतप्रधान रुटे यांनी डिसेंबर २०२२ मध्ये, राजाने १ जुलै २०२३ ला. माफीने पोट भरत नाही हे खरं, तरी गुन्हा झाला हे सरकारी दप्तरात तरी आलं. आपल्याकडे कंपनी सरकारने १८४३ साली गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढली, त्रावणकोर संस्थानाने १८५५ मध्ये. विकणाऱ्यांच्या बाजूने माफी कोणी मागितली?

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, कारण दोन्ही गुलामगिऱ्यांचं नातं त्यांना दिसलं होतं. बाबासाहेबांनी तुलना पुढे नेली. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी होता; अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. कोचीनच्या पुलयाच्या वाट्याला दोन्ही आलं.

नेदरलँड्समध्ये शिकायला गेलेल्या आपल्या पोरांनी ते जहाज जरूर पाहावं, आणि मग हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीचे कागद मागवावेत. इथल्यांना तर परदेशीही जायला नको. कोचीनचं डच दप्तर चेन्नईच्या अभिलेखागारात आहे. भाषा जुनी डच आहे, ती शिकावी लागेल.