आईबापांच्या शपथेने नागरिक झालेली मुलं



अमेरिकेत आईबाप शपथ घेऊन नागरिक झाले की त्यांच्याबरोबर ग्रीनकार्डावर आलेली लहान मुलंही, अटी पुऱ्या होत असतील तर, त्याच क्षणी कायद्याने नागरिक होतात. मुलांना कोणी शपथेला बोलावत नाही. त्यांच्या नावाचा कागद आपोआप घरी येत नाही. त्या न आलेल्या कागदामुळे आपल्या घरांतली चाळिशी-पन्नाशीतली मुलं आता अडताना दिसतात, म्हणून या वेळी कोकणातल्या शनिवार तेल्यांच्या गोष्टी जरा बाजूला ठेवते.

ही पद्धत फार जुनी आहे. १७९० सालच्या अमेरिकेच्या पहिल्या नागरिकत्व कायद्यातच लिहिलं होतं की बाप नागरिक झाला तर अमेरिकेत राहणारी त्याची एकवीस वर्षांखालची मुलंही नागरिक. पण तो कायदा फक्त ‘गोऱ्या’ माणसांसाठी होता, आणि हिंदुस्थानातून आलेला माणूस गोरा की नाही यावर कोर्टांनी बरीच वर्षं घालवली. १९१० मध्ये भिकाजी बलसारा या पारशी गृहस्थांना न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने नागरिकत्व दिलं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांना नाही म्हटलं. मग १९३९ मध्ये मुंबईत जन्मलेले रुस्तम दादाभाई वाडिया, तेही पारशीच, त्याच न्यूयॉर्कच्या अपील कोर्टात हरले. एकोणतीस वर्षांत पारशी तेच राहिले, कोर्टाचं मत मात्र फिरलं! बापालाच दार बंद, तर मुलांना त्याच्यामागून कुठून मिळणार? १९४६ च्या कायद्याने हिंदी माणसाला नागरिक होण्याचा हक्क आला, पण हिंदुस्थानातून येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला १००. खरी वाट १९६५ च्या कायद्याने उघडली. त्यानंतर डॉक्टर, इंजिनिअर आणि आमच्यासारख्या नर्सेस मुलंबाळं घेऊन येऊ लागल्या.

या मुलांना लागू होता १९५२ चा कायदा, आणि आपल्या घरांतला बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्यात आई आणि बाप दोघांनीही नागरिक व्हायला हवं होतं, तेही मूल सोळा वर्षांचं होण्याआधी. १९७८ मध्ये सोळाचं अठरा झालं. आईबापांपैकी एक वारलं असेल, किंवा कायदेशीर फारकत होऊन मूल एकाच्याच ताब्यात असेल, तर त्या एकाचं नागरिकत्व पुरे. एरवी दोघंही हवेत.

आता आपल्याकडे काय होई? बाप नोकरीसाठी लवकर शपथ घेई. आई थांबे. ठाण्याला म्हातारे आईवडील, त्यांच्यासाठी वर्षाआड जायचं, दर वेळी व्हिसा कशाला काढायचा? भारत दोन नागरिकत्वं मान्य करत नाही, आणि ओसीआय कार्डाची सोय आली ती २००५ मध्ये. शिवाय पासपोर्ट सोडणं म्हणजे माहेर सोडल्यासारखं वाटायचं. त्या बायांना मी तरी दोष देणार नाही. आपल्या सहीवर मुलाचं नागरिकत्व अडलं आहे, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

मग ३० ऑक्टोबर २००० रोजी नव्या कायद्यावर सही झाली. तो मुख्यतः परदेशातून दत्तक घेतलेल्या मुलांसाठी केला होता, पण फायदा सगळ्यांनाच झाला. आईबापांपैकी एक नागरिक, मूल अठरा वर्षांखालचं, ग्रीनकार्डावर, आणि त्या पालकाच्या ताब्यात अमेरिकेत राहणारं, एवढं जमलं की मूल नागरिक. यातली कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर झाली याला महत्त्व नाही, शेवटची अट ज्या दिवशी पुरी झाली तो दिवस धरतात. अंमल सुरू झाला २७ फेब्रुवारी २००१ रोजी, आणि त्या दिवशी जे अठरा वर्षांचे झालेले होते त्यांना तो लागू नाही.

एका घरातली दोन भावंडं घ्या. दोघं मुंबईत जन्मलेली, एकाच विमानाने ग्रीनकार्डावर आलेली. बाप १९९७ मध्ये नागरिक झाला, आईने भारताचा पासपोर्ट ठेवला. धाकटी १९८४ ची. २७ फेब्रुवारी २००१ च्या सकाळी ती शाळेत गेली ती अमेरिकन नागरिक म्हणून, तिला पत्ताही नव्हता. थोरला १९८२ चा. तो ग्रीनकार्डावरच राहिला, कारण अठरा होईपर्यंत आई नागरिक नव्हती आणि नवा कायदा आला तेव्हा त्याचं वय उलटलेलं. पुढे आईने शपथ घेतली तरी त्याला उपयोग नाही, त्याने स्वतः अर्ज करायचा. घरात मात्र सगळे समजतात की बाप झाला म्हणजे पोरं झाली. अशा समजुतीत थोरल्याने मतदान केलं, तर देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. आईबाप दोघंही नागरिक, सोळा वर्षांच्या आत इथे कायम राहायला आलेला, आणि आपण नागरिक आहोत असं खरोखर वाटत होतं, अशांना त्याच कायद्यात थोडी सूट ठेवली आहे. पण ती सूट मागण्याची वेळ येऊ नये.

धाकटीचा प्रश्न निराळा. ती नागरिक आहे, पण परदेशात जन्मलेला माणूस परकीय असंच धरून चालतात आणि उलट सिद्ध करायचं त्याने. पुरावा म्हणजे बापाचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, तिचा जन्मदाखला, आईबापांच्या लग्नाचा कागद, ग्रीनकार्ड किंवा इमिग्रंट म्हणून आल्याचा पासपोर्टवरचा शिक्का, आणि बापाबरोबर राहत होती हे दाखवणारी शाळेची नोंद. सगळ्यांत तारखा जुळल्या पाहिजेत. वॉर्डात औषध दिल्याची वेळ लिहिताना आम्ही जेवढ्या काटेकोर असायचो, तेवढंच इथे समजा.

आणि आपले कागद! आजोबा सामाजी, तेच सिनेगॉगच्या वहीत श्मुएल, तेच शाळेत सॅम्युएल. मुंबईच्या जन्मनोंदीत पुष्कळदा मुलाचं नावच नसतं, ते मागाहून घालून घ्यावं लागतं. कुठे गावावरून पडलेलं ‘कर’ आडनाव, कुठे नुसतं बापाचं नाव. घर मधे इस्राएलला राहून आलेलं असेल तर तेच आडनाव हिब्रूत जातं आणि परत इंग्रजीत येताना त्याचे स्वर बदलतात. त्यात जन्म भारतात आणि आधीचं नागरिकत्व इस्राएलचं, हे पाहून खिडकीमागचा कारकून दोनदा विचारतो. लग्नाचा दाखला म्हणून केतुबा असेल तर तीवर हिब्रू तारीख, आणि तो दिवस सूर्यास्ताला बदलतो. तिचं पूर्ण इंग्रजी भाषांतर भाषांतरकाराच्या सहीच्या निवेदनासह द्यावं लागतं.

रद्द झालेले जुने पासपोर्ट टाकू नका. पूर्वी लहान मुलांची नावं आईच्याच भारतीय पासपोर्टात लिहीत, म्हणजे मुलाच्या प्रवेशाचा शिक्काही तिथेच. नॅचरलायझेशन सर्टिफिकेटवर नक्कल करणं गुन्हा आहे असं छापलेलं असतं, ते वाचून घाबरून कित्येकांनी कधी झेरॉक्सही काढली नाही. तो इशारा अधिकार नसताना केलेल्या नकलेबद्दल आहे, सरकारी अर्जासोबत लावायला प्रत चालते. वारलेल्या आईबापांचं सर्टिफिकेट हरवलं असेल तर माहितीच्या कायद्याखाली त्यांची फाइल इमिग्रेशन खात्याकडे मागता येते.

मुलीने नुसता पासपोर्ट काढला तरी चालतं, आणि तो स्वस्तही पडतो. चालू असेपर्यंत तो पक्का पुरावा आहे. पण पासपोर्ट देणारं खातं वेगळं आणि इमिग्रेशनचं वेगळं, त्यामुळे इमिग्रेशनच्या आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत ती ग्रीनकार्डवालीच राहू शकते. एन-६०० फॉर्म भरून मिळणारं सर्टिफिकेट ऑफ सिटिझनशिप महाग आहे, हजार डॉलरच्या वर, पण त्याला मुदत नाही आणि अर्जाला वयाची अट नाही. माझं मत विचाराल तर पैसे जमवा आणि ते काढा.

पुरावा मागितला की आपल्या जुन्या माणसांना १९६२ आठवतं. तेव्हा इस्राएलच्या रब्बानेटने लग्ननोंदणीच्या वेळी बेने इस्राएलांच्या आई-आजीच्या मागचा वंश तपासायला सांगितलं होतं, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटला आपल्या बाजूने ठराव करावा लागला. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून ‘पुन्हा पुरावा कशाला?’ म्हणत काही जण अर्जच करत नाहीत. पण तिथे पणजी कोण होती ते विचारत होते, त्याला कागद कुठून आणणार? इथे विचारतात चार-पाच तारखा, आणि त्या घरातल्याच कुठल्यातरी ट्रंकेत आहेत.

त्या सर्टिफिकेटवर ते दिल्याची तारीख वेगळी आणि नागरिक झाल्याची वेगळी असते. धाकटीने आज अर्ज केला तरी तिच्यावर छापून येईल २७ फेब्रुवारी २००१.